टपावर बर्फ, तळ्यात बारा अंश: महाबळेश्वरच्या पठारावरच्या एका परसतळ्याचा हिवाळा

मासे थंडीने मेले, हे बापूंचं म्हणणं निम्मं खरं होतं. गप्पी थंडीने गेले, चिलापीही थंडीनेच गेली. पण ज्या तीन मोठ्या कोईंपायी (हे शोभेचे रंगीत मासे) त्या घरात दोन वेळचं जेवण गोड लागलं नाही, ते गुदमरून मेले होते. आणि त्यांना गुदमरवलं ते थंडीपासून वाचवायच्या धडपडीनेच. सातारा-सांगलीकडे परसात छोटं तळं करून मासे सोडणारी घरं आता बरीच दिसतात, आणि पौष लागला की मला येणाऱ्या फोनांचा सूर साधारण असाच असतो. म्हणून हे एक प्रकरण सविस्तर मांडते. घरच्यांची परवानगी आहे. नावं आणि वाडी मात्र त्यांच्या सांगण्यावरून गाळली आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना सगळे बापू म्हणतात, मीही तेच म्हणते.

तळं आणि त्यातली मंडळी

घर पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यापासून थोडं आत, स्ट्रॉबेरीच्या पट्ट्यात. तिन्ही बाजूंनी उतार, मधे खोलगट जागा, मागे ओढा. शेततळ्याला अंथरून उरलेला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद घरात पडून होता. तो कामी आणायचा म्हणून बापूंनी परसात खड्डा घेतला. लांबी ४ मीटर, रुंदी ३ मीटर, खोली पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट. पाणी भरतं साधारण ९,००० लिटर. एका कडेला कुंड्यांमध्ये कुमुदिनी, मधोमध छोटं कारंजं. अडीच फुटांवरच का थांबलात, असं विचारलं तर म्हणाले, "खाली जांभा लागला की ओ ताई. मग म्हटलं, मासं काय नवं पवायला शिकणार हायती? बास झालं एवढं."

ही अडीच फुटांची खोली पुढे महत्त्वाची आहे.

माशांची भरती चार वाटांनी झाली होती. कोई पुण्याहून विकत आणलेले, बोटाएवढे आणले आणि दोन पावसाळ्यांत हातभर झाले. गोल्डफिश नातवाच्या वाढदिवसाचे. गप्पी आरोग्य केंद्रातून, डासांच्या अळ्या खायला. आणि चिलापी नातवाने वाईकडून डब्यातून आणलेली, कुणाला न विचारता. दिवाळीपर्यंत चौघं एका पाण्यात सुखाने नांदत होते. हिवाळ्यात मात्र एकेकाचं मूळ गाव बाहेर पडलं.

गप्पी दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातला मासा. पाणी १५ अंशांखाली गेलं की तो सुस्तावतो, आणि १०-१२ अंशांवर त्याचा निभाव लागत नाही. चिलापी आफ्रिकेतली, आपल्या देशात १९५२ साली आणलेली. आता उजनीसारख्या कितीतरी धरणांत ती घरचीच झाली आहे, पण थंडीच्या बाबतीत अजून आफ्रिकेचीच. १६-१७ अंशांना खाणं सोडते, ११-१२ अंशांना आडवी होऊ लागते, आणि त्याखाली जगत नाही. कोई म्हणजे सायप्रिनसच (कॉमन कार्प), रंगासाठी निवडून वाढवलेला. त्याचं माहेर जपानमधला निगाता हा भरपूर बर्फ पडणारा मुलूख. साध्या सायप्रिनसची एक जात १९३९ साली श्रीलंकेतून नीलगिरीत आणली गेली, आणि उटीच्या थंडीत ती मजेत रुजली. गोल्डफिश चीनचा. चार अंशांच्या पाण्यातही तो तळाशी पडून हिवाळा काढतो.

म्हणजे हे तळं थंड पडल्यावर कुणी आधी जायचं आणि कुणी टिकायचं, हा क्रम ठरलेलाच होता. प्रत्यक्षात तो क्रम बिघडला, आणि तिथेच संशयाला जागा मिळाली.

घडलं काय

डिसेंबर संपता संपता आभाळ निवळलं, वारा पडला. एका पहाटे नातवाला गाडीच्या टपावर पांढरा थर दिसला. स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडाही पांढऱ्या झालेल्या. तळ्यावर गप्पींचा सडा. पुढच्या दोन-तीन दिवसांत चिलापी कडेला येऊन आडव्या पडू लागल्या, काहींच्या अंगावर कापसासारखी बुरशी. कोई आणि गोल्डफिश तळाशी एका कोपऱ्यात गप्प उभे होते. बापूंना वाटलं, आता यांची पाळी.

मग घर कामाला लागलं. पॉलिहाऊसचा जुना पारदर्शक कागद तळ्यावर ताणून चारही कडांना दगड ठेवले. कारंजं पाणी गार करतं म्हणून बंद केलं. रोज सकाळी बंबातलं कढत पाणी बादल्यांनी ओतलं. रात्री बोअरची मोटर लावून पाइप थेट तळाशी सोडला, कारण बोअरचं पाणी कोमट लागतं. अंगात ऊब राहावी म्हणून आजींनी उकडलेलं अंडं कुस्करून आणि हरभऱ्याच्या पिठाच्या गोळ्या करून घातल्या, दिवसातून तीनदा. एवढ्या मायेने तर माणसाचंही दुखणं कुणी काढत नाही.

चार-पाच दिवसांनी पहाटे सगळ्यांत मोठा कोई तोंड उघडं टाकून वर तरंगत होता. दुसऱ्या पहाटे आणखी दोन. तेव्हा मला फोन आला. प्रश्न एवढाच होता: "ताई, तळ्याला लावायचा हिटर कुठला घेऊ?" कागदाचा विषय फोनवर निघालाच नाही.

टीव्हीवर अकरा, अंगणात शून्य

पोहोचले ती सूर्य डोंगराआडून यायच्या आत. पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यांत कमी असतो तो याच वेळी, म्हणून आजारी तळं पाहायचं ते पहाटेच. अंगणात पाय ठेवताच बापूंनी तक्रार केली की टीव्हीवाले महाबळेश्वरचं तापमान अकरा सांगतात, आणि इथे गवत कुरकुरतंय, हे कसं?

यात कुणी खोटं बोलत नाही. दरवर्षी बातमी येते ती वेण्णा लेक आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठल्याची, बाजारपेठेत बर्फ पडल्याची नाही. स्वच्छ आणि वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते, आणि उतारावरून ओघळून खोलगट जागी साचते. वेधशाळेचा तापमापक उंचावरच्या जागी, जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर, सावलीच्या पेटीत असतो. बापूंचं परस म्हणजे अशा हवेचं साठवणीचं ठिकाण. तिथे गवताच्या पात्यावर शून्य आणि वेधशाळेत अकरा, दोन्ही एकाच पहाटे खरे असू शकतात. तासगावकडचे द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या करून धूर धरतात ते याच साचलेल्या थंडीशी झुंजायला.

पण मासा गवतावर राहत नाही. पाण्याचं तापमान किती होतं, हा खरा प्रश्न. इथे नातू उपयोगी पडला. काचपेटीचा साधा तापमापक दोरीला बांधून तो पाण्यात सोडायचा आणि आकडा मोबाइलवर लिहून ठेवायचा. त्याच्या नोंदी बोलक्या होत्या. गप्पी मेले त्या पहाटे पाणी साडेअकरा अंश. कागद टाकण्याआधीच्या इतर दिवसांत पहाटे बाराच्या आसपास, दुपारी दोनला वरचं पाणी सतरा. कागद टाकल्यावर पहाटे साडेतेरा आणि दुपारी बावीस.

साडेअकरा ते बावीस. यातल्या कुठल्याही आकड्याला कोई मरत नाही.

बर्फाळ देशांचा सल्ला इथे का लागू पडत नाही

बापूंच्या मुलाने बरेच व्हिडिओ पाहिले होते. ते सगळे अशा देशांतले, जिथे तळं गोठतं. त्या सल्ल्यात चुकीचं काही नाही, पण तो वेगळ्या संकटावरचा आहे. पाणी सगळ्यांत जड असतं ते ४ अंशांना. त्याहून गार झालं की ते हलकं होऊन वर येतं आणि वरूनच गोठतं. त्यामुळे बर्फाच्या पापुद्र्याखाली, तळाशी, चार अंशांचं पाणी टिकून राहतं. मासे तिथे जवळजवळ न हलता महिने काढतात. तिथला धोका थंडीपेक्षा झाकण बसण्याचा. बर्फाने तळं बंद झालं, खाली पानं कुजत राहिली, तर ऑक्सिजन संपतो आणि कुजण्यातून निघणारे वायू कोंडतात. म्हणून तिथले लोक एका जागी भोक उघडं ठेवतात, त्यासाठी छोटा हिटर तरंगत ठेवतात. हातोड्याने बर्फ फोडू नका असं सांगतात, कारण त्याचा दणका माशांना बसतो. हवेचा दगड (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा सच्छिद्र दगड) अगदी तळाशी ठेवू नका असंही सांगतात, नाहीतर तळाचं चार अंशांचं पाणी ढवळून निघेल.

आपल्याकडे पाणी चार अंशांपर्यंत उतरतच नाही. बारा अंशांचं पाणी तेरा अंशांच्या पाण्याहून जड असतं. म्हणजे रात्री वरचा थर गार झाला की तो खाली जातो, खालचा वर येतो, आणि पहाटेपर्यंत तळं वरपासून खालपर्यंत एकसारखं गार होतं. उबदार तळ नावाची जागा आपल्या तळ्यात नसते. मी कागद काढल्यानंतरच्या एका पहाटे वर आणि तळाशी दोन्हीकडे मोजलं, दोन्हीकडे बारा. खोल तळं आपल्याकडेही चांगलं, पण त्याचं कारण निराळं: पाणी जास्त असलं की ते गार व्हायला वेळ लागतो.

याचा हिशेब सोपा आहे. स्वच्छ, निवांत रात्री उघड्या पाण्यातून दर चौरस मीटरला साधारण १०० वॅट उष्णता निघून जाते असं धरा. बारा तासांच्या रात्रीत एक फूट खोल टाकं त्यामुळे साडेतीन अंशांच्या आसपास उतरतं, अडीच फुटांचं तळं दीड अंश, आणि पाच फुटांचं पाऊण अंशाच्या आत. वारा आणि बाष्पीभवन यात आणखी भर घालतात. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टबात मासे का दगावतात आणि विहिरीतले का नाही, याचं उत्तर यातच आहे.

हिटरचाही हिशेब बापूंसमोरच केला. ९,००० लिटर पाणी एका अंशाने तापवायला साडेदहा युनिट वीज लागते. दोन किलोवॅटची कॉइल लावली तर पाच तासांहून जास्त, आणि तेवढ्यात रात्र ती ऊब परत घेऊन जाणार. बंबातली साठ अंशांची वीस लिटरची बादली तळ्याचं तापमान वाढवते ते एका अंशाच्या दहाव्या भागाने. बापू थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हंजी नुसतीच लाकडं जाळली."

कोई का मेले

तळ्यावरचा कागद आतून घामाने भिजला होता. एक कड उचलली तर वास आला, कुजक्या पानांचा. मीटर टाकला. ऑक्सिजन २.१ मिलिग्रॅम. पठाराच्या उंचीवर हवेचा दाब कमी, तरीसुद्धा बारा-तेरा अंशांच्या निरोगी पाण्यात लिटरमागे नऊच्या आसपास असायला हवा. थंड पाणी गरम पाण्यापेक्षा जास्त ऑक्सिजन धरून ठेवतं. म्हणजे हिवाळा या बाबतीत माशांच्या बाजूने असतो, आणि इथे ती बाजू कागदाने घालवली होती. जिवंत राहिलेले दोन मध्यम कोई पाण्याच्या वरच्या रेषेला तोंड लावून होते, कल्ले ताणलेले.

कागद काढला, कारंजं सुरू केलं, आणि मग चुलीपाशी बसून कारणं एकेक करून तपासली.

पहिलं, थंडी. ती असती तर गोल्डफिशनाही कमी-जास्त त्रास दिसला असता. ते सगळे धडधाकट होते. दुसरं, अमोनिया. एवढ्या खाण्याने तो वाढणारच. चाचणीत लिटरमागे दीड मिलिग्रॅम आला, तो जास्तच. पण पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचं माप) ७.२ आणि तापमान तेरा, अशा पाण्यात त्यातला विषारी हिस्सा अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. हाच अमोनिया मे महिन्यात, शेवाळाने पीएच साडेआठवर नेलेला असताना आढळला असता तर विषारी हिस्सा १५ टक्क्यांच्या पुढे गेला असता आणि मी आधी त्याच्याच मागे लागले असते. तिसरं, रोग. शेजारच्या एका शेतकऱ्याने सिफॅक्स ओतायला सांगितलं होतं. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने काढलेलं हे औषध आहे, आणि हिवाळ्यात शेततळ्यांत येणाऱ्या लाल जखमांच्या रोगावर ते वापरतात. हा रोग भारतात १९८८ पासून आहे, आणि पाणी गार झालं की उसळतो. सल्ला आला तो म्हणूनच. पण तो मरळ, मृगळ, रोहू यांना गाठतो. सायप्रिनस आणि चिलापी त्याला सहसा दाद देत नाहीत. मेलेल्या कोईंच्या अंगावर जखमही नव्हती.

राहिला ऑक्सिजन, आणि त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या खुणा चार. मृत्यू पहाटेचे. मेलेल्यांची तोंडं उघडी, कल्ले फाकलेले. सगळ्यांत मोठे आधी गेले, आणि ऑक्सिजन कमी पडला की आधी जातात ते मोठेच. चौथी खूण मला सगळ्यांत आवडते, ती गोल्डफिशची. ऑक्सिजन जवळजवळ संपला तरी हा मासा थंड पाण्यात बराच काळ तग धरतो. त्याचं शरीर अशा वेळी साठलेल्या साखरेपासून अल्कोहोल तयार करतं आणि कल्ल्यांवाटे बाहेर टाकून देतं, त्यामुळे अंगात आम्ल साचत नाही. कोई त्याचा नातलग असला तरी त्याला ही सोय नाही. एकाच पाण्यात हातभर कोई मरतो आणि वीतभर गोल्डफिश जगतो, तेव्हा पाण्यात हवा नव्हती असं समजावं. बापूंच्या नातवाला हे कळल्यावर तो दिवसभर गोल्डफिशना 'बेवडे' म्हणत फिरला आणि आजींचा ओरडा खाल्ला.

ऑक्सिजन गेला कुठे, तर पाच वाटांनी. कागदामुळे वरून हवा मिसळेना. कारंजं बंद. कुमुदिनीची पिकली पानं आणि न खाल्लेलं अंडं तळाशी कुजत होतं, त्याला ऑक्सिजन लागत होता. बोअरचं पाणी जमिनीखालून येताना जवळजवळ ऑक्सिजनविना येतं, आणि पाइप बुडवून सोडल्यामुळे त्याला वाटेत हवा लागलीच नाही. पाचवी वाट आजींच्या गोळ्यांची. दुपारी कागदाखाली पाणी बावीसवर गेलं की कोई अंग झटकून वर यायचे, अधाशासारखे खायचे. माशाचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. दहा अंश उतरले की आतली सगळी कामं निम्म्याने किंवा त्याहून जास्त मंदावतात, पचनही. दुपारी बावीसला खाल्लेलं रात्री तेराला पचवायचं, त्यासाठी जास्तीचा ऑक्सिजन हवा, आणि नेमका तेव्हाच तळ्यात तो नाही.

कागद टाकणं मुळात वाईट होतं असं मी म्हणणार नाही. त्याने पहाटेचं तापमान दीड-दोन अंशांनी वाढवलं, हे नातवाच्या नोंदीतच आहे. आधी टाकला असता, पाण्यापासून हातभर वर, बाजू उघड्या ठेवून आणि दुपारी काढून, तर काही चिलापी वाचल्याही असत्या. पाण्याला टेकवून चारही बाजूंनी बंद केला, आणि बर्फाळ देशांत निसर्ग जे झाकण घालतो ते आपण हाताने घातलं.

मग काय केलं

पहिल्या दिवशी हवा, बाकी सगळं नंतर. काचपेटीचा एअर पंप आणला. त्याची वीज दहा वॅटच्या आत, त्यामुळे वीज गेली तरी घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. हवेचे दोन दगड मध्यावर, अर्ध्या खोलीत सोडले. आपल्याकडे ढवळून बिघडणारा उबदार तळ नसल्याने ते तळाशी ठेवले तरी चालले असते, पण तळाचा गाळ उठला असता. कारंजं दिवसा चालू, रात्री बंद. इथे बापूंचं निरीक्षण बरोबर होतं: रात्रीच्या हवेत उडालेलं पाणी गार होऊनच खाली येतं. हवेचं काम पंप करत असताना कारंज्याला रात्री सुट्टी देता येते.

पानं आणि तळाचा लगदा जाळीने काढला, एका दमात नाही, थोडा थोडा. बोअरचं पाणी बंद करायला सांगितलं नाही. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास एकसारखं असतं, म्हणून ते हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं. बापूंच्या बोअरचं वीस अंश भरलं. हजार लिटर गार पाणी उपसून तेवढं हे घातलं तर तळं जवळजवळ एका अंशाने चढतं, बंबाच्या आठ-नऊ बादल्यांएवढं. फक्त पाइप पाण्यात न बुडवता कडेच्या दगडांवर सोडायचा, म्हणजे पाणी फुटत-उडत खाली येतं आणि हवा घेतं. आणि एका वेळी हजार लिटरच्या वर नाही. माशाला थंडीपेक्षा तापमानाचा झटका जास्त लागतो.

दोन कोईंपैकी एकाच्या पाठीवरचे खवले घासले गेले होते आणि तिथे बुरशी धरू लागली होती. त्याला ५०० लिटरच्या टाकीत वेगळं ठेवलं, दीड किलो जाडं मीठ विरघळवून, हवा चालू. हे प्रमाण लिटरला ३ ग्रॅम पडतं. तळ्यातच मीठ टाका असं मुलगा म्हणत होता. तिथे त्यासाठी २७ किलो लागलं असतं आणि कुमुदिनी जळली असती. आठवड्याभरात बुरशी गळाली.

खाण्यावरून मात्र आजींशी खरी बोलणी झाली. काही दिवस काहीच घालू नका म्हटल्यावर त्यांनी थेट विचारलं, "मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं? पाप न्हाई का लागत?" वीस अंशांच्या खाली कोईची भूक कमी होते, पंधराखाली त्याला फार थोडं आणि हलकं लागतं, आणि दहाच्या खाली काहीच नको असतं. तो अंगातल्या चरबीवर हिवाळा काढतो, त्यासाठीच दिवाळीपर्यंत खातो. हे पटवायला नातवाचाच तापमापक कामी आला. ठरलं ते असं: दुपारी दोनला दोरी ओढून बघायची. पंधराच्या वर असेल तर चिमूटभर, पाच मिनिटांत संपेल एवढं. उरलं तर जाळीने काढायचं. खाली असेल तर नुसतं बघून यायचं. अंडं आणि हरभऱ्याचं पीठ बंद, गव्हाच्या कोंबांपासून केलेलं हिवाळी खाद्य चालेल. आजींनी हे मान्य केलं, पण चिमूट कुणाच्या बोटांची हे ठरवायचा हक्क स्वतःकडे ठेवला.

एक हिशेब तरीही जुळत नव्हता. बापूंच्या मते गोल्डफिश आठ होते, तळ्यात पाच. मेलेला एकही सापडला नव्हता. उत्तर दुसऱ्या सकाळी कुंपणावर बसलं होतं. ढोकरी, मान आखडून, मातीच्या रंगात मिसळून. गार पाण्यात मासा सुस्त असतो, पाणी नितळ असतं, आणि पिकली पानं काढल्यामुळे लपायला जागाही कमी. हिवाळ्यात बगळा, ढोकरी, खंड्या यांची चंगळ असते. शेडनेटचा एक तुकडा रात्री थंडीसाठी आणि सकाळी पक्ष्यांसाठी, असा दुहेरी कामाला लावला. पाण्यापासून दोन फूट उंच बांबूंवर, चारही बाजू मोकळ्या.

नंतरच्या पहाटांना पाणी साडेबाराच्या आसपास राहिलं, ऑक्सिजन आठच्या वर. त्या थंडीच्या लाटेत पुढे कुणी मेलं नाही. टाकीतला कोई फेब्रुवारीत परत तळ्यात गेला.

पुढच्या हिवाळ्याआधी

बापूंना तळं पाच फुटांचं करायचं आहे. जांभा फोडायला ब्रेकर लागेल, आणि काम मे महिन्यातच उरकायला हवं, कारण जूनमध्ये या पठारावर जो पाऊस सुरू होतो त्यात खड्डा म्हणजे विहीर होते. सगळं तळं खोल करायची गरज नाही असं मी सुचवलं. मधला अर्धा भाग खोल, कडेला कुमुदिनीसाठी फूट-दीड फुटाची पायरी. कागद मात्र नवा लागेल. जुना कागद घडी मोडून पुन्हा अंथरला की घडीवरच फुटतो.

गप्पी हवेत, कारण डास आहेत. त्यावर तोडगा असा की दिवाळीनंतर वीस-पंचवीस गप्पी काढून पडवीतल्या पिंपात ठेवायचे आणि होळीनंतर परत सोडायचे. एवढ्यांपासून पावसाळ्यापर्यंत तळं पुन्हा भरतं, या माशाला त्यासाठी आग्रह करावा लागत नाही.

चिलापी परत आणायची नाही, यावर मी अडून बसले. थंडीत मरते हे एक कारण. दुसरं कारण मागच्या ओढ्याचं. पावसाळ्यात हे तळं भरून वाहतं आणि ओढ्याला मिळतं. कृष्णा, वेण्णा, कोयना उगम पावतात त्या मुलखातला हा ओढा आहे. खाली धरणांत चिलापी आधीच आहे, पण पठारावरच्या वाहत्या झऱ्यांत, जिथे थंडीमुळे ती अजून टिकलेली नाही, तिथे दरवर्षी नवी भरती पाठवायचं काही कारण नाही. गप्पींनाही तेच लागू. म्हणून सांडव्याच्या पाइपाला आतून बारीक जाळी बसवायची ठरली. बापूंनी मच्छरदाणीचा तुकडा पुढे केला. तो पहिल्याच मोठ्या सरीत पानांनी तुंबेल आणि पाणी पाइप सोडून कडेवरून जाईल, असं म्हटल्यावर त्यांनी घरात जाऊन पीठ चाळायची जुनी तारेची चाळण आणली. आजींनी ती परत मागून घेतली. आता पाइपावर स्टीलची जाळी आहे, वाईच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली, आणि तिच्यासमोर पानं अडवायला मोठ्या भोकांची दुसरी.